पॉल लॅम्बर्ट आणि चेंडू मिळू न देण्याचं काम

१९९६च्या उन्हाळ्यात स्कॉटिश फुटबॉलपटू पॉल लॅम्बर्टकडे क्लब नव्हता. मदरवेल या स्कॉटिश क्लबाशी असलेला करार संपला होता, वय सव्वीस होतं आणि स्कॉटलंडबाहेर तो कुणाच्या खिजगणतीतही नव्हता. वर्षभराच्या आत, २८ मे १९९७ला, म्युनिकच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर चॅम्पियन्स लीगचा, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेचा चषक त्याच्या हातात होता आणि समोरच्या युव्हेंटसच्या झिनेदिन झिदानला त्या रात्री आपला खेळ काही सापडला नव्हता. १९९२मध्ये स्पर्धेचं नाव चॅम्पियन्स लीग झालं, तेव्हापासून ती जिंकणारा लॅम्बर्ट हा पहिला ब्रिटिश खेळाडू. मँचेस्टर युनायटेडची मंडळी तिथवर पोचली ती आणखी दोन वर्षांनी.

ही गोष्ट बहुधा नशीब फळफळल्याची म्हणून सांगितली जाते. त्यात तथ्य कमी आहे. एक कायदा बदलला, एका प्रशिक्षकाने त्याची मैदानावरची जागा बदलली, आणि ती जागा सांभाळण्याची शिस्त लॅम्बर्टने वयाच्या सत्ताविशीत शिकून घेतली. यातलं तिसरं सगळ्यात अवघड आणि त्याच्यावरच सगळ्यात कमी लिहिलं जातं.

लॅम्बर्ट पेझलीच्या परिसरातला. ग्लासगोच्या पश्चिमेला असलेलं हे गाव एकेकाळी विणकरांचं आणि गिरण्यांचं होतं. शालींवरच्या आपल्या कुयरीला इंग्रजीत ज्या गावाचं नाव चिकटलं, ते हेच. तिथला क्लब सेंट मिरन. १६ मे १९८७ला हॅम्पडेन पार्कवर स्कॉटिश चषकाच्या अंतिम सामन्यात सेंट मिरनने डंडी युनायटेडला जादा वेळेत १-० हरवलं. इयन फर्ग्युसनचा गोल. सतरा वर्षांचा लॅम्बर्ट त्या संघात होता. सेंट मिरनचे सगळे खेळाडू स्कॉटिश होते. इतक्या लवकर मोठा चषक हाती आला की पुढची वाट सोपी वाटते, पण सेंट मिरन पुढे घसरत गेला आणि १९९२मध्ये वरच्या विभागातून खाली गेला. १९९३मध्ये लॅम्बर्ट मदरवेलला आला.

मदरवेलमधली तीन वर्षं चांगली होती. १९९४-९५मध्ये संघ लीगमध्ये रेंजर्सच्या मागे दुसरा आला. त्याच हंगामात युएफा चषकात, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या दुसऱ्या मोठ्या स्पर्धेत, त्यांची गाठ जर्मनीच्या बोरुसिया डॉर्टमुंडशी पडली. दोन्ही सामने हरले, एकूण ०-३. लॅम्बर्ट तेव्हा पुढे सरकून खेळणारा, उजवीकडून आत घुसणारा मिडफिल्डर होता. बचावाची कामं त्याच्याकडे फारशी नसायची.

आता कायद्याचं. १५ डिसेंबर १९९५ला युरोपीय न्यायालयाने बोसमान खटल्याचा निकाल दिला. त्याआधी करार संपला तरी खेळाडू मोकळा नसे. नव्या क्लबाने जुन्या क्लबाला पैसे मोजल्याशिवाय त्याला जाता येत नसे. निकालानंतर युरोपीय संघातल्या देशाचा नागरिक असलेला खेळाडू करार संपल्यावर दुसऱ्या सदस्य देशातल्या क्लबात फुकट जाऊ शकत होता. एवढं सगळ्यांना माहीत असतं. निकालाचा दुसरा भाग मात्र बहुतेक जण विसरतात. तोवर युरोपीय स्पर्धांत एका संघाला तीन परदेशी आणि त्या देशात बरीच वर्षं खेळलेले आणखी दोन, एवढेच खेळवता येत. युरोपीय संघाच्या नागरिकांपुरती ती मर्यादा गेली. ती राहिली असती तर डॉर्टमुंडसारख्या क्लबाने तीनातली एक जागा मदरवेलच्या माणसाला कशाला दिली असती? त्या जागा पोर्तुगालच्या पाउलो सूझासारख्यांसाठीच राखल्या गेल्या असत्या. फुकट मिळणं हे निमित्त झालं. खरी सोय झाली ती मर्यादा उठल्यामुळे.

आधी पीएसव्ही आइंडहोवनकडे चाचणी झाली, तिथे जमलं नाही. मग डॉर्टमुंड. १९९५ आणि १९९६ अशी सलग दोन वर्षं जर्मनीचा विजेता असलेला हा संघ. ड्रेसिंग रूममध्ये झामर, कोलर, म्योलर, रॉयटर, रीडल. अशा ठिकाणी चाचणीला आलेल्या खेळाडूला जागा मिळते ती दुसरं कुणी करायला तयार नसलेलं काम त्याने केलं तरच.

डॉर्टमुंडचा प्रशिक्षक ओटमार हिट्झफेल्डने त्याला ते काम दिलं. हिट्झफेल्डचं शिक्षण गणित आणि क्रीडा शिकवणाऱ्या शिक्षकाचं होतं, आणि त्याच्या संघात मैदानावरची अंतरं खरोखर मोजल्यासारखी असत. लॅम्बर्टला त्याने मागे आणलं, बचावफळीच्या पुढ्यात.

वरवर पाहता हा दहा-पंधरा मीटर मागे सरकण्याचा मामला. प्रत्यक्षात जवळजवळ सगळंच बदलतं. पुढे खेळणारा मिडफिल्डर चेंडू घेतो तेव्हा त्याचं तोंड बहुतेक वेळा समोरच्या गोलकडे असतं, आणि चेंडू गेला तरी मागे सहा-सात जण उभे असतात. होल्डिंग मिडफिल्डर, म्हणजे बचावफळीपुढची ही जागा राखणारा, चेंडू घेतो तो स्वतःच्या बचावपटूकडून, समोरच्या गोलकडे पाठ करून, आणि चेंडू गेला तर मागे फक्त बचावफळी उरते. त्यामुळे चेंडू पायात येण्याआधी दोन्ही खांद्यांवरून एकेकदा मागे पाहणं ही चैन राहत नाही. ते केलं नाही तर पाठीमागून येणारा माणूस दिसतच नाही. अंग अर्धं वळवून चेंडू लांबच्या पायावर घ्यायचा, म्हणजे पहिल्या स्पर्शातच मैदान समोर येतं. पास छोटा, दहा ते पंधरा मीटरचा, आणि जमेल तितका सहकाऱ्याच्या पुढच्या पायावर.

सगळ्यात जाचक अट वेगळीच असते. बाजूने मोकळी जागा दिसते, पाय शिवशिवतात, आणि तरी जायचं नसतं. वर्षानुवर्षं पुढे धावलेल्या खेळाडूला ही सवय मोडायला सहसा महिने लागतात. पहिले काही आठवडे तो ठरलेली चूक करतो: चेंडू पास करून त्याच्यामागे स्वतः पळतो, आणि दोन पासांनंतर चेंडू गेला की बचावफळीसमोर वीस मीटरचं ओसाड माळरान पडलेलं असतं.

लॅम्बर्ट हे एका हंगामात शिकला. उपांत्य फेरीत मँचेस्टर युनायटेडला दोन्ही सामन्यांत १-० असं हरवून डॉर्टमुंड अंतिम फेरीत पोचलं, तेव्हा तो संघाचा पक्का भाग होता. समोर युव्हेंटस, गतविजेते. गंमत म्हणजे डॉर्टमुंडच्या अकरा जणांतले चौघे, कोलर, रॉयटर, म्योलर आणि सूझा, पूर्वी युव्हेंटसकडूनच खेळलेले. पण झिदानची ओळख त्यांना तिथे झालेली नव्हती. तो बोर्डोहून तुरीनला, युव्हेंटसच्या गावी आला त्याच उन्हाळ्यात सूझा तिथून निघाला होता.

झिदानला रोखायचं काम लॅम्बर्टकडे आलं.

मॅन-मार्किंग, म्हणजे नेमून दिलेल्या एकाच खेळाडूला रोखणं, हे पाठीला चिकटण्याचं काम आहे हा समज महागात पडतो. झिदानसारख्याच्या पाठीला चिकटलात तर तुम्ही त्याला आयता टेकू देता. तुमचा स्पर्श त्याला पाठीवर कळतो, तुमचं वजन कुठल्या पायावर आहे तेही कळतं, आणि तो दुसऱ्या बाजूने वळून निघून जातो. मग तुम्ही त्याच्या मागे धावत असता आणि तो तुमच्या बचावफळीसमोर मोकळा.

कामाची रीत अंतराची असते. चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असताना तीन-चार मीटर लांब राहिलं तरी चालतं. पास देऊ शकेल अशा माणसाच्या पायात चेंडू आला की दीड-दोन मीटर. उरलेलं अंतर कापायचं ते पास सुटल्यानंतर, चेंडू वाटेत असताना. तेवढाच वेळ असा असतो की त्याचं लक्ष चेंडूवर असतं आणि त्याला जागा बदलता येत नाही. चेंडू त्याच्या पायाला लागेल तेव्हा तुम्ही हातभर अंतरावर थांबलेले हवेत. थांबलेले! धावत पोचणाऱ्याला तो एका स्पर्शात चुकवतो. कबड्डीत चांगला कोपरारक्षक चढाईपटूवर आधी झेपावत नाही, त्याचा पाय टेकायची वाट पाहतो, तसंच.

उभं राहायचं ते त्याच्या आणि आपल्या गोलच्या मध्ये, पण अगदी सरळ रेषेत नाही. अर्धा खांदा चेंडूच्या बाजूला, म्हणजे पास देणाऱ्याला वाट अरुंद दिसते. बऱ्याचदा तो पास देतच नाही, बाजूला खेळवतो. असा न दिलेला पास कुठल्याच आकडेवारीत मोजला जात नाही, आणि मार्करचं निम्मं काम नेमकं तिथेच झालेलं असतं.

चुका कुठे होतात, त्याही ठरलेल्या. पहिली म्हणजे चेंडूकडे पाहत राहणं. दोन सेकंद नजर हलली की हुशार खेळाडू तुमच्या पाठीमागच्या आंधळ्या बाजूला सरकतो. दुसरी, उतावळा टॅकल. एकदा जमिनीवर पडलात की उठेपर्यंत संघ दहा जणांचा. तिसरी, लवकर मिळालेलं पिवळं कार्ड. विसाव्या मिनिटाला ते मिळालं तर उरलेली सत्तर मिनिटं तुम्ही अर्ध्या ताकदीने खेळता आणि समोरच्याला ते ठाऊक असतं. चौथी चूक सगळ्यात फसवी: तो कंटाळून स्वतःच्या बचावफळीजवळ चेंडू घ्यायला गेला की तुम्हीही तिथवर जाणं. तसे गेलात तर त्याने एकही स्पर्श न करता तुमच्या गोलसमोरची जागा रिकामी केली. म्हणून एक रेषा ठरवून ठेवावी लागते. तिच्या पलीकडे तो गेला की त्याला सहकाऱ्याच्या हवाली करायचं आणि परत आला की पुन्हा ताब्यात घ्यायचं.

हे सगळं पेलायला मागे आधार लागतो, आणि डॉर्टमुंडकडे तो होता. कोलर आणि क्री युव्हेंटसच्या दोन आघाडीवीरांवर, बोकसिच आणि व्हिएरीवर. त्यांच्या मागे माथियास झामर मोकळा, लिबेरो म्हणून. लॅम्बर्ट एकदा चुकला असता तरी पुढे सरकून भोक बुजवायला झामर होता. शेजारी सूझा, त्यामुळे चेंडू मिळाल्यावर पुढचं रचण्याचा भार लॅम्बर्टवर नव्हता. आजच्या चार जणांच्या सपाट बचावफळीपुढे तेच काम कुणाला दिलं तर ते तितकं टिकणार नाही, असं माझं ठाम मत आहे. लॅम्बर्टने झिदानला एकट्याने गिळलं असं म्हणणं सोपं आहे. त्या गिळण्यामागे झामर होता.

आणि मार्किंगचा दोर दोन्ही बाजूंनी बांधलेला असतो. झिदान बचावासाठी फारसा मागे धावणारा नव्हता. म्हणजे डॉर्टमुंडकडे चेंडू असताना लॅम्बर्ट मोकळा. २९व्या मिनिटाला चेंडू उजवीकडे त्याच्यापाशी आला, त्याने क्रॉस दिला, रीडलने छातीवर घेऊन गोल केला. पाच मिनिटांनी म्योलरच्या कॉर्नरवर रीडलचाच हेडर. २-०. राखण करायला ठेवलेल्या माणसाने सामन्यातला पहिला गोल रचून दिला होता.

युव्हेंटसला संधी मिळाल्या नाहीत असं मुळीच नाही. व्हिएरीचा एक गोल रद्द झाला. मध्यंतरानंतर युव्हेंटसचा प्रशिक्षक लिप्पीने बचावपटू पोरिनीला काढून देल पिएरोला आणलं. ही चाल बरोबर होती: तिसरा आघाडीवीर आला की लिबेरोलाही माणूस धरावा लागतो आणि वरचा सगळा हिशेब कोलमडायला लागतो. पासष्टाव्या मिनिटाच्या आसपास बोकसिचच्या क्रॉसवर देल पिएरोने टाचेने चेंडू आत ढकलला. पुढची पाच-सहा मिनिटं डॉर्टमुंडसाठी सगळ्यात वाईट होती. मग लार्स रिकेन मैदानात आला आणि सोळा सेकंदांत, म्योलरच्या पासवर, पहिल्याच स्पर्शात त्याने लांबून गोलरक्षक पेरुझीच्या डोक्यावरून चेंडू जाळ्यात सोडला. ३-१.

त्यानंतर डॉर्टमुंडमध्ये लॅम्बर्ट फार टिकला नाही. हिट्झफेल्ड प्रशिक्षकपद सोडून क्लबाच्या कार्यालयात गेला, नेव्हियो स्काला आला. नोव्हेंबर १९९७मध्ये लॅम्बर्ट सुमारे २० लाख पौंडांना ग्लासगोच्या सेल्टिकला गेला. महिनाभराने डॉर्टमुंडने टोकियोत क्रुझेरोला हरवून आंतरखंडीय चषक जिंकला. तो मात्र लॅम्बर्टचा हुकला.

ग्लासगोमध्ये तेव्हा एकच विषय होता. शहरातल्याच प्रतिस्पर्धी रेंजर्सने सलग नऊ लीग जिंकल्या होत्या, सेल्टिकच्या १९६६ ते १९७४च्या विक्रमाची बरोबरी. दहावी थांबवायची होती. प्रशिक्षक विम यान्सनच्या सेल्टिक संघात क्रेग बर्ली पुढे धावून गोल करत असे, आणि त्याला जाता यावं म्हणून मागे लॅम्बर्ट असे. या जोडीतला हिशेब साधा: एक गेला तर दुसरा थांबतो, दोघे कधीच एकदम जात नाहीत. २ जानेवारी १९९८ला रेंजर्सविरुद्ध आधी बर्लीचा गोल झाला आणि शेवटच्या मिनिटांत लॅम्बर्टने लांबून वरच्या कोपऱ्यात फटका मारला. २-०. थांबणाऱ्यालाही एखाददा जाऊ द्यावं. ९ मे रोजी सेंट जॉनस्टनला हरवून लीग सेल्टिककडे आली, ७४ गुण विरुद्ध ७२.

पुढे प्रशिक्षक मार्टिन ओ'नीलच्या काळात काम पुन्हा थोडं बदललं. २७ ऑगस्ट २०००च्या ६-२ सामन्यात रेंजर्सविरुद्ध पहिल्या अकरा मिनिटांत तीन गोल झाले, त्यातला तिसरा लॅम्बर्टचा. डिसेंबरात नील लेनन आला आणि मधल्या फळीत दोन राखणदार झाले. असे दोघे ठेवल्याने संघ घट्ट होतो, पण चेंडू पुढे नेणारा एक माणूस कमी होतो. सेल्टिकमध्ये ती उणीव स्टिलियन पेट्रोव्ह भरून काढायचा. त्या हंगामात तिन्ही देशांतर्गत चषक मिळाले, १९६९नंतर पहिल्यांदाच. पुढच्या हंगामात लीगमध्ये १०३ गुण, आणि २००२मध्ये फुटबॉल पत्रकारांनी लॅम्बर्टला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू निवडलं.

२१ मे २००३, सेव्हिल, युएफा चषकाचा अंतिम सामना. लॅम्बर्ट कप्तान, वय तेहेतीस. समोर प्रशिक्षक मोरिन्योचा पोर्तो आणि त्यांच्याकडे खेळ रचणारा मिडफिल्डर डेको. म्युनिकशी तुलना करायचा मोह होतोच. सेल्टिकही तिघांच्या बचावफळीने खेळत होता, पण मागे झामरसारखा मोकळा माणूस नव्हता आणि डेकोवर एकच एक माणूस नेमलेला नव्हता. ज्याच्या भागात तो येईल, त्याने पाहायचं. जो माणूस सतत दोन भागांच्या सीमेवर उभा राहतो, त्याच्यासमोर ही व्यवस्था अडखळते, कारण दोघांनाही वाटतं की तो दुसऱ्याचा आहे. पोर्तोच्या आलेनिचेव्हचा गोल डेकोच्या पासवरच झाला. सेल्टिकच्या लार्सनने दोनदा बरोबरी साधली. लॅम्बर्टला ७६व्या मिनिटाला बाहेर घेतलं गेलं. जादा वेळेत पोर्तोच्या देर्लेईने सामना ३-२ असा संपवला.

स्कॉटलंडकडून त्याने ४० सामने खेळले आणि एकच गोल केला, २००२मध्ये फॅरो बेटांविरुद्ध. सामना २-२ सुटला आणि स्कॉटिश लोकांना तो विषय काढलेला आवडत नाही. १९९८च्या विश्वचषकात ब्राझीलविरुद्धच्या सलामीच्या सामन्यासह तिन्ही सामने तो खेळला. नोव्हेंबर १९९९मध्ये इंग्लंडविरुद्धच्या दोन निर्णायक सामन्यांना मात्र मुकला. त्याआधीच रेंजर्सविरुद्ध त्याच्या चेहऱ्याला मोठी दुखापत झाली होती. पहिला सामना ०-२ हरला, दुसरा वेम्बलीवर १-० जिंकला, युरो २०००चं दार बंद.

प्रशिक्षक म्हणून त्याने परवाना जर्मनीतून घेतला. लिव्हिंगस्टनमध्ये वाताहत झाली. वायकम बरं गेलं. ऑगस्ट २००९मध्ये त्याच्या कोलचेस्टरने नॉर्विचला नॉर्विचच्याच मैदानात ७-१ हरवलं, आणि काही दिवसांतच नॉर्विचने त्यालाच नोकरीवर ठेवलं. लागोपाठ दोन वर्षं वरच्या विभागात बढती मिळवून त्याने नॉर्विचला प्रीमियर लीगमध्ये आणलं. पुढचं ॲस्टन व्हिला वगैरे प्रकरण लांबलचक आहे, त्यावर पुन्हा कधी.

म्युनिकचा सामना पूर्ण पाहायला मिळाला तर एक करा. चेंडू सोडा आणि फक्त दोन आकड्यांकडे पाहा: पिवळ्या शर्टावरचा १४, म्हणजे लॅम्बर्ट, आणि युव्हेंटसचा २१, म्हणजे झिदान. विशेषतः चेंडू युव्हेंटसच्या देशाँच्या पायात असताना. देशाँ मान वर करतो, २१ हात किंचित पुढे करून चेंडू मागतो, १४ दोन पावलं सरकतो, आणि देशाँ चेंडू बाजूला दी लिव्हियोकडे ढकलतो. सामन्याच्या सारांशात ही दृश्यं कधीच नसतात, त्यामुळे नव्वद मिनिटंच शोधावी लागतील.